कच्च्या कुकीचे गोळे

रविवार, ९ फेब्रुवारी

वर ‘चि. सौ.’ लिहायचं की नुसतं ‘चि.’, हे ठरेना, म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे. तुला हवं ते लिहून घे. सूनबाई म्हणायची माझी सवय मात्र जायची नाही. चालत नसेल तर तेवढं खोडून वाच.

पत्राचं नवल वाटेल. फोनवर आपण दोघी दुसऱ्या वाक्याला भांडतो आणि तिसऱ्याला कोणीतरी फोन आपटतं. कागदावर निदान माझं बोलणं पूर्ण होतं.

काम साधं आहे. काल मुंगी आली होती. आता तिला मुंगी म्हणू नका, आठ वर्षांची झाली, असं तू मागे म्हणालीस. मी प्रयत्न केला. पण सकाळीच साखरेचा डबा उघडा सापडला, तेव्हा पुन्हा मुंगीच. तर काल तिने दुपारच्या जेवणाला नाक मुरडलं. मी विचारलं, मग काय खायचंय महाराणींना? म्हणाली, “आई करते ते. कच्च्या कुकीचे गोळे. ओव्हन लागतच नाही. पीठच खायचं.”

मी म्हटलं, कच्चं पीठ खाऊन पोट बिघडेल. त्यावर बाईसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आठ वर्षांची आहे. “ए आजी, मैदा आधी परतायचा असतो. तुला खरंच काहीच माहीत नाही?”

खरंच माहीत नाही. माझ्याकडे ओव्हन नाही, आणि कुकी म्हणजे पुड्यात मिळते ती. तेव्हा कृती लिहून पाठव. मोठी नको. तुझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगतेस तेवढंच सांग.

एरवी सगळं ठीक. तिचे बाबा आले होते. घाईत होते. लिफ्ट दुरुस्तीचं काम तुला माहीतच आहे, कुठे ना कुठे कोणीतरी अडकलेलं असतंच.

शनिवारची व्यवस्था नीट चालू आहे, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. तुझ्या वकीलबाईंनी तो कागद वाचून दाखवला तेव्हा मीही खुर्चीत बसले होते. एक आड एक शनिवार, दहा ते पाच, मुलीने वडिलांना आजीच्या घरी भेटायचं, आणि वडील येईनासे झाले तर व्यवस्था रद्द. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. मी म्हणजे त्या भेटीची जागा. माझी तक्रार नाही, जागा तर जागा.

कृती लवकर पाठव.


रविवार, २३ फेब्रुवारी

तुझी चिठ्ठी मुंगीच्या दप्तरातून मिळाली. चार ओळी, त्यात खुशालीचा एक शब्द नाही. तरी अक्षर अजून पूर्वीसारखंच सुंदर आहे, हे सांगून ठेवते.

पहिला डाव पार फसला. तू लिहिलंस मैदा मंद आचेवर परता, मी परतला. छान वास सुटला. तू लिहिलंस बटर आणि पिठीसाखर फेसून त्यात मैदा घाला, मी घातला. मधे मैदा पूर्ण गार होऊ द्यायचा, हे तू लिहिलंस आणि मी वाचलं नाही. कढईतला गरम मैदा सरळ बटरमध्ये ओतला. बटर वितळलं, वर टाकलेले चॉकलेटचे तुकडेही वितळले, आणि भांड्यात चिखल झाला. मुंगी ओट्यावर हनुवटी टेकवून बघत होती. म्हणाली, “आजी, हे आता प्यायचं का?” चमच्याने प्यायलो. वाईट नव्हतं.

दुसरा डाव मी माझ्या पद्धतीने केला. माझ्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करताना आम्ही पावडर आणि द्रव मिसळतो. सुरुवातीला ते मिश्रण वाळूसारखं असतं, मग तार सुटते, मग एक वेळ अशी येते की गोळा बोटाला न चिकटता सुटून येतो. तेवढ्यातच तो साच्यात दाबायचा. आधी दाबला तर कवळीत भोकं, नंतर दाबला तर दात हलतात. कुकीचंही तसंच निघालं. मैदा गार केला, दूध चमचाचमचा घातलं, बोटाला सुटायला लागलं तसं थांबले. चॉकलेटचे तुकडे सगळ्यात शेवटी. मुंगीने गोळे वळले, फ्रीजमध्ये ठेवले, आणि दर पाच मिनिटांनी फ्रीज उघडून ते अजून तिथेच आहेत ना, याची खात्री केली. घट्ट झाले. वळताना ज्या अंगठ्याने दाबले तो अंगठासुद्धा त्यावर दिसत होता.

खाऊन म्हणाली, “छान आहेत. पण आईचे असे लागत नाहीत.”

का लागत नाहीत, ते तुझ्या चौथ्या ओळीत आहे. ‘पीनट बटर दोन चमचे. तुमच्याकडे चालणार नाही, वगळा.’ वगळलं.

तू या घरात दाण्याशिवाय संसार केलास आणि एकदाही कुरकुर केली नाहीस, हे मी तेव्हा बोलून दाखवलं नव्हतं. तो लहान असताना शेजारच्या वाढदिवसाला केकच्या एका घासाने त्याचे डोळे सुजून मिटले आणि श्वासाला शिट्टी वाजायला लागली. तेव्हापासून शेंगदाणा या घराच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. त्याचे मित्र आले की मी दारातच त्यांचे खिसे तपासायचे. मुलं मला झडतीवाल्या काकू म्हणायची. म्हणू देत. माझा मुलगा जगला.

काल तो येऊन गेला. दोन गोळे खाल्ले. आवडले म्हणाला.


शनिवार, ८ मार्च (डब्यासोबत)

घाईत लिहिते, मुंगी बूट घालून उभी आहे आणि तू खाली फाटकाशी थांबली असशील.

यावेळी अगदी तुझ्यासारखे झाले आहेत. मुंगी स्वतः म्हणाली, “आता बरोबर!” तुलाही चव कळावी म्हणून डबा देते आहे. घरी गेल्या गेल्या फ्रीजमध्ये ठेव.

सगळ्यांनी मिळून केले. वेडेवाकडे आहेत ते तिच्या बाबांनी वळलेले. हसू नकोस, स्क्रू पिळणारे हात आहेत.


मंगळवार, ११ मार्च

सूनबाई,

आज लॅबमध्ये एक कवळी परत आली. डॉक्टरांनी चिठ्ठी जोडली होती, ‘तोंड मिटत नाही.’ पाहिलं तर वरची एका आजोबांची, खालची दुसऱ्याच कुणाची. पुडक्यात अदलाबदल झाली होती. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, पॉलिश तर बघत राहावं असं. फक्त एकमेकींवर बसत नव्हत्या. मालक हसले, मीही हसले, आणि हसता हसता मला तुला दिलेला डबा आठवला.

शनिवारी मी तुला एक डबा दिला आणि एक चिठ्ठी दिली. डब्यात पीनट बटर होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, की गोळे त्याने वळले.

तू डबा उघडताच ओळखलं असशील. झाकण काढलं की वास येतोच, आणि तू तर त्याच्या जेवणाचा वास घेत संसार केलास. त्या पिठाला तो बोट लावणार नाही. तो घरात असता तर ती बरणी घरात नसती. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. तुझ्यासारखे झाले, याच आनंदात होते.

तेव्हा आता खरं लिहिते. तो येत नाही. थंडी सुरू झाली तेव्हा एकदा आला होता, त्यानंतर नाही. दोन गोळे खाल्ले, आवडले म्हणाला, वगैरे सगळं मी रचलेलं.

तो वाईट नाही. येतो म्हणतो तेव्हा त्याला खरंच यायचं असतं. शुक्रवारी फोन करतो, “आई, उद्या नक्की. घर पुसून ठेव.” त्याला नेहमी वाटतं की मुंगीच्या कपड्यांवर, दप्तरात, कुठेतरी दाण्याचा कण असेल, कारण तुझ्याकडे आता दाणे चालतात. म्हणून आम्ही पुसतो. मुंगी आली की आधी तिचे कपडे बदलायचे, दप्तर गॅलरीत, हात कोपरापर्यंत साबणाने. मग टेबल, खुर्च्या, दारांच्या मुठी. मग ती चपलांच्या कपाटावर चढून दाराकडे तोंड करून बसते. बूट काढत नाही, बाबा आले की लगेच बागेत जाता यावं म्हणून. तो येत नाही. एक वाजला की मी म्हणते, चल, जेवून घे, आणि ती जेवणाला नाक मुरडते. पहिल्या पत्रात मी तिच्या नाक मुरडण्याचं लिहिलं होतं ना, ते हे.

गेल्या शनिवारी तिने मला सरळ विचारलं. हिशोब तिचाच, मी एक शब्दही बदललेला नाही. “ए आजी, बाबा येणार म्हणून आपण दाण्याचे गोळे करत नाही. आणि बाबा तर येत नाहीत. मग गोळे का करत नाही?”

एवढ्या वर्षांत माझ्यावर अशी वेळ कुणी आणली नव्हती. मी पिशवी घेतली, तिला घेतलं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. बरणी माझ्या हाताने उचलली. दोन्ही हातांनी धरून गल्ल्यापर्यंत आणली. दुकानदार म्हणाला, काकू, काचेची नाही, पडली तरी फुटणार नाही. त्याला काय सांगायचं?

घरी आणून झाकण उघडलं तेव्हा मला रडू आलं. मुंगीला वाटलं वास आवडला नाही. म्हणाली, “नाक धर, मी कालवते.” तिने कालवलं. वेडेवाकडे गोळे माझे आहेत. मला सगळं धूसर दिसत होतं.

ही लपवाछपवी मी तिला करायला सांगितली नव्हती, हे मात्र तू मानायला हवंस. आईने विचारलं तर काय सांगशील, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, “आई विचारतच नाही.” मग मीही विषय वाढवला नाही.

आता तू तिला पाठवलं नाहीस तर तुझी चूक नाही. कागदात तसंच लिहिलं आहे. वडील नाहीत तर व्यवस्था नाही. मला त्यात कुठे जागा आहे, असं विचारायला मी कुणाकडे जाऊ? तरी लिहून ठेवते, नंतर म्हणू नये की म्हातारी बोलली नाही. मला ती हवी आहे. तिचा फ्रीज उघडणं, तिचे प्रश्न, ओट्यावरची चिकट बोटं, सगळं. ती यायची बंद झाली तर एक आड एक आठवडा मी फक्त दुसऱ्यांचे दात घासत बसणार.

एवढंच. हे पत्र आजच पेटीत टाकते, उद्या धीर व्हायचा नाही.


रविवार, २३ मार्च

सूनबाई,

तुझं उत्तर आलं नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी पोस्टमनच्या मागे मागे होते. त्याने शेवटी जिन्यातूनच हात हलवायला सुरुवात केली. शनिवारी सकाळी मी जाणूनबुजून खिडकीकडे पाठ करून मशीनवर उशांचे अभ्रे शिवत बसले. दहा वाजता बेल वाजली. त्या बेलने मला किती बरं वाटलं, ते लिहिता यायचं नाही.

मुंगीने दप्तर उघडलं आणि आतून बरणी काढली. पीनट बटरची, मोठी, माझ्या बरणीच्या दुप्पट. “आईने दिलीय. तुझी संपत आली असेल म्हणाली.”

मी विचारलं, माझं पत्र वाचून दिली का? तर म्हणाली, “नाही, पत्र नंतर आलं. मी डबा नेला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आणली.” मग न विचारताच पुढचं सांगितलं. “आईने डबा उघडला, वास घेतला. मग एक खाल्ला. मग अजून एक खाल्ला. वाकडावालाच.”

म्हणजे मी मंगळवारी जीव टांगणीला लावून चार पानं खरडत होते, तेव्हा बरणी तुझ्या कपाटात येऊन बसली होती. एक ओळ कळवायला काय झालं होतं तुला? राहू दे. तू अशीच आहेस. लग्नाआधीही तुझा होकार आम्हाला तुझ्या मावशीकडून कळला होता.

आम्ही लगेच कामाला लागलो. मैदा परतून ताटात पसरला, गार होईपर्यंत मुंगीने त्यावर बोटाने घर काढलं, मग मांजर काढलं. दाण्याचं बटर तिने मोजून न घेता मनाला येईल तेवढं घातलं. दोघींचे हात मनगटापर्यंत पिठात होते आणि फोन वाजला. मी कोपराने बटण दाबलं.

तोच होता. “आई, निघालोय. खरंच निघालोय, बसमध्ये आहे. घर पुसलंस ना?”

मुंगी माझ्याकडे बघत होती. अभ्रे शिवताना मी घरभर नजर फिरवली होती, पण पुसलं काहीच नव्हतं. आणि आता तर ओट्यापासून नळापर्यंत सगळीकडे दाणेच दाणे. पूर्वीची मी असते तर भांडं तसंच उचलून कचऱ्यात टाकलं असतं आणि गुडघ्यावर बसून फरशी घासली असती. मुंगीने बहुतेक तेच धरलं होतं. तिने हात भांड्यातून बाहेर काढलेसुद्धा होते.

मी म्हणाले, “नाही पुसलं. आज घरात दाणे आहेत. तू वर येऊ नकोस. खाली बाकावर बस, आम्ही आवरून येतो.”

तो म्हणाला, “म्हणजे मी माझ्याच घरी यायचं नाही?”

“आज नाही.”

तो आला, बरं का. मला वाटलं होतं, फुरंगटून मागे फिरेल. पण आला, बाकावर बसला होता, दाढी केली होती. आम्ही हात धुतले, कपडे बदलले, पुन्हा हात धुतले. मुंगी धावत गेली आणि त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. हात पाठीमागे. त्याने जवळ घ्यायला हात पुढे केले तशी ती मागे सरकली.

“रागावलीस माझ्यावर?” त्याने विचारलं.

“नाही बाबा. दाणे होते हातात. दोनदा धुतलेत, पण आजी म्हणते, वास गेला तरी ते जात नाहीत. तुम्ही लांबूनच बोला.”

आणि ती लांबून बोलली. शाळेचं, चष्म्याच्या दुकानातल्या आरशांचं, मैद्यावर काढलेल्या मांजराचं. पूर्ण वेळ हात पाठीमागे. ज्या माणसासाठी ती चपलांच्या कपाटावर बसून राहायची, तो समोर होता आणि ती त्याला हात लावत नव्हती, त्याला काही होऊ नये म्हणून. मी तिला हे शिकवलं होतं. बघवत नव्हतं. तो तर मान खाली घालून बुटाच्या नाडीशी खेळत होता. लहानपणी रडू दाबायचा तेव्हा असाच खेळायचा.

थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला, कुठल्याशा इमारतीत कोणीतरी अडकलं होतं. उठताना मला म्हणाला, “पुढच्या वेळी पुसून ठेव. मी वर येईन.”

मी म्हणाले, “तू आधी ये. मग पुसते. तेवढा वेळ बाकावर बसायचं.”

माझाच मुलगा आहे, सूनबाई. मला त्याची आठवण येते, आणि तो येईल तेव्हा मी दारांच्या मुठीसुद्धा पुसून काढीन. पण त्या पोरीला आता बूट घालून बसवणार नाही.

वर आलो तेव्हा गोळे बाहेरच राहून मऊ पडले होते. फ्रीजमध्ये टाकले. मुंगी जेवली, सगळं, नाक न मुरडता. मग कपाटावर चढली, आणि मला वाटलं, झालं, बसली पुन्हा. तर तिने तिथे बसून बूट काढले, खाली भिरकावले आणि उडी मारून आत पळाली.

आता मुख्य विषय. पाच वाजता मी पहिल्यांदाच तिच्याबरोबर फाटकापर्यंत खाली आले. तू बारीक झाली आहेस. तुला तसं म्हणायचं होतं, पण मी नुसता डबा पुढे केला, आणि तूही डब्याकडेच बघत राहिलीस. मग तू म्हणालीस, “पुढच्या शनिवारी दुकानात माल मोजायचाय. हिला सकाळी जरा लवकर सोडलं तर चालेल?”

मी म्हणाले, चालेल. तू तिचा हात धरलास आणि दोघी वळणापर्यंत गेलात.

वर येऊन कॅलेंडर पाहिलं. पुढचा शनिवार आपला नाही, सूनबाई. एक आड एक धरला तर तो मधला येतो. कागदात तो कुठेच नाही. त्या दिवशी तिला वडिलांना भेटायचं नाही, आणि माझं घर कसलीच जागा नाही.

तू हे चुकून म्हणालीस का? तसं असेल तर कळवू नकोस. मी मैदा परतून ठेवते.